कच्चा टाका

दोन पातळ फळ्या एकमेकींवर ठेवायच्या. एका कडेने थोड्या थोड्या अंतरावर बारीक भोके पाडायची, त्यांतून तांब्याच्या तारेचे तुकडे ओवायचे, पक्कडीने सैलसर पीळ द्यायचा आणि पुस्तक उघडावे तशा त्या फळ्या उघडायच्या. बाजूच्या फळ्या याच रीतीने त्यांना जोडायच्या, पुढे-मागे आडव्या पाट्या बसवायच्या आणि एकेक पीळ आवळत जायचे. आवळता आवळता सपाट लाकडाला बाक येतो, बाकाला पोट येते आणि मघापर्यंत जो फळ्यांचा ढीग होता तो होडीसारखा दिसू लागतो. मग आतून सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनने चिकटवायची. ती वाळून कडक झाली की बाहेर डोकावणारी तारेची टोके कापून टाकायची आणि बाहेरूनही पट्टी मारायची. पक्की शिलाई झाल्यावर शिंपी कच्चा टाका उसवतो, तसाच हा प्रकार. १९६३ च्या जानेवारीत लंडनला अर्ल्स कोर्टच्या बोट प्रदर्शनात ‘मिरर’ नावाची जी लहानशी शिडाची होडी लोकांपुढे आली, ती अशी बांधायची होती. लांबी ३.३० मीटर, रुंदी १.३९ मीटर, शिडे-डोलकाठी सोडून नुसत्या होडीचे वजन ४५ किलोंच्या आसपास, शिडे लालभडक. बांधणीचा संच ६३ पौंड ११ शिलिंगला मिळे. पुढच्या काही दशकांत जगभर अशा ७० हजारांहून अधिक होड्या झाल्या. त्यांतल्या पुष्कळशा घरच्या गॅरेजात, परसातल्या शेडमध्ये, क्वचित बैठकीच्या खोलीतही बांधल्या गेल्या, आणि बांधणाऱ्यांपैकी अनेकांची ती आयुष्यातली पहिलीच होडी होती.

या प्रकाराबद्दल लिहिताना एक सूर हमखास लागतो. यंत्रयुगाला कंटाळलेला माणूस पुन्हा लाकडाकडे वळला, हातांनी काही घडवण्याची जुनी ओढ जागी झाली, वाडवडिलांचे कौशल्य नव्या पिढीने उचलले, वगैरे. सूर गोड आहे, पण इतिहासाशी जुळत नाही. घरी बसून पहिल्यांदाच होडी बांधणारा हा माणूस जुन्या कारागिराचा वारस नाही. तो कारखान्याचा आणि छापखान्याचा मुलगा आहे. लाकूड एकसारखे झाल्याशिवाय तो जन्मालाच येऊ शकत नव्हता. कारण लाकूड एकसारखे झाल्यावरच ते कसे हाताळायचे हे लिहून काढता आले, आणि लिहिलेले ज्ञान पोस्टाने पाठवता येते.

यावर पहिला आक्षेप अगदी साहजिक आहे. माणसे हजारो वर्षे घराशेजारीच होड्या बांधत आली. कोकणातल्या कुठल्या खाडीकाठी होडी कारखान्यात बनत होती? माडाच्या सावलीत, घराच्या अंगणाला लागून ती उभी राहायची. हे खरेच आहे. पण तिथे ‘पहिल्यांदाच’ बांधणारा कुणी नसे, हे आपण विसरतो. आधी पठाण, म्हणजे होडीचा खालचा कणा, टाकायचा. मग नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, कल ठरवायचा, फळीला फळी भिडवायची, फटीत तेलाने माखलेला कापूस ठोकून बसवायचा. ही कामे मुलगा लहानपणापासून बघे, मग हाताखाली करी, आणि स्वतःच्या जबाबदारीवर पहिली होडी उभी करी तेव्हा तिच्याआधीच्या कितीतरी होड्या त्याच्या बोटांनी चाचपलेल्या असत. माप डोळ्यात असे, कागदावर नसे. कुठले झाड तोडायचे, कुठल्या फांदीचा नैसर्गिक बाक कुठल्या वळणाला चालेल, कुठली फळी ऊन लागल्यावर वेडीवाकडी होईल, हे सगळे त्या त्या लाकडापुरते खरे असे. फणसाची एक फळी दुसरीसारखी नसते. असे ज्ञान शिकवता येते, पण शेजारी उभे राहूनच. पत्राने नाही.

यावर कोणी म्हणेल, कागद तर फार जुना आहे. मुंबईच्या गोदीतही आराखडे येतच होते. आणि इथे मुंबईचीच एक गोष्ट उपयोगी पडते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडएकशे वर्षे मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. त्यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे आराखडे इंग्लंडहून यायचे होते. ते घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी पकडले, त्यामुळे दुसरी प्रत मागवावी लागली आणि काम लांबले. जगातल्या उत्तम जहाजकारांत गणना होणारी माणसे कागदाची वाट बघत थांबली! तेव्हा कागदाला महत्त्व होते यात शंका नाही. पण त्या कागदावर काय असे, ते बघायला हवे. जहाज कोणत्या आकाराचे हवे एवढेच त्यावर असे. ते कसे बांधायचे याचा एक शब्दही नसे, कारण वाचणाऱ्याला ते येते हे गृहीत होते. ‘ट्रिंकोमाली’ बांधणाऱ्या जमशेदजी बमनजी वाडियांना कोणी ‘आता करवत उचला’ असे लिहून पाठवायची गरज नव्हती. नवशिक्याला मात्र नेमके तेच लागते. काय बांधायचे हे सांगणारा कागद शतकानुशतके होता, कसे बांधायचे हे ओळीने सांगणारा कागद फार उशिरा आला.

तो पहिल्यांदा जोमाने दिसतो अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या तोंडावर. ‘द रडर’ या मासिकाचा संपादक थॉमस फ्लेमिंग डे याने १९०१ मध्ये ‘सी बर्ड’ नावाच्या साधारण २५ फुटी शिडाच्या होडीचे आराखडे छापले. कल्पना अशी, की वाचकाने त्यावरून ती स्वतः बांधावी. गोल पोटाची होडी बांधणे अवघड, म्हणून तिचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा ठेवला, म्हणजे बऱ्याचशा फळ्या वाफवून वाकवण्याची कटकट कमी झाली. एवढीशी होडी समुद्राला काय तोंड देणार, असे म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून डे स्वतः १९११ मध्ये दोन सोबत्यांसह तिच्यातून अटलांटिक ओलांडून रोमपर्यंत गेला. तिच्याच मोठ्या भावंडाचा आराखडा घेऊन हॅरी पिजन या आयोवातल्या शेतकऱ्याच्या मुलाने लॉस एंजेलिसच्या बंदरकाठी ३४ फुटी ‘आयलँडर’ एकट्याने बांधली आणि १९२१ ते १९२५ या काळात तिच्यातून एकट्यानेच पृथ्वीप्रदक्षिणा केली. जोशुआ स्लोकमनंतर असे करणारा तो दुसरा माणूस. स्लोकमने ‘स्प्रे’ ही जुनी मोडकी होडी जवळजवळ नव्याने उभारली होती, पण तो धंद्याने दर्यावर्दी कप्तान होता आणि त्याआधीही त्याने बोट बांधलेली होती. पिजनची गोष्ट आपल्या विषयाच्या जास्त जवळची आहे.

मग प्लायवूड नसतानाही घरगुती बांधणारा होता की! होता, आणि माझ्या मांडणीला सगळ्यात जड जाणारा पुरावा हाच आहे. पण पिजनने त्याआधी लहानसहान नावा केल्या होत्या, त्याचा हात लाकडाला सरावलेला होता, आणि ‘सी बर्ड’ची फळी तरीही खरीखुरी फळीच होती. तिला गाठी असत, तिचे तंतू असत, ती फुगे आणि आकसे, आणि शेजारणीला पाणी न गळता भिडवायची तर रंधा कसा चालवायचा हे हातालाच कळावे लागे. मासिकाने निम्मी अडचण सोडवली होती. आकार सोपा केला होता, लाकूड सोपे करणे मासिकाच्या हातात नव्हते. म्हणून ‘सी बर्ड’च्या वाटेने जाणारे लोक थोडे आणि जिद्दीचे राहिले. कसे बांधायचे ते छापले गेले, पण त्याच्या मधल्या जागा वाचकाने आपल्या हातकौशल्याने भराव्या लागत.

लाकूड सोपे केले ते रसायनशास्त्राने. प्लायवूडची कल्पना जुनीच: ओंडका फिरवत त्याचा पातळ पापुद्रा सोलायचा, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे असे पापुद्रे एकावर एक चिकटवायचे, की तक्ता कुठल्याच दिशेला सहज तडकत नाही. खोट होती ती चिकटवणाऱ्या पदार्थात. जनावरांच्या हाडाकातड्याचा सरस किंवा दुधातल्या केसीनचा डिंक पाण्यात टिकत नाही, आणि पापुद्रे सुटणारी होडी काय कामाची? १९३४ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ॲबरडीन गावच्या हार्बर प्लायवूड कंपनीतील रसायनतज्ज्ञ जेम्स नेव्हिन यांनी पूर्णपणे जलरोधक चिकटद्रव्य तयार केले. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन द ब्रॉयन यांच्या संस्थेने १९३७ च्या सुमारास ‘एरोलाइट’ हे कृत्रिम राळेचे चिकटद्रव्य काढले. मग युद्ध आले. डी हॅविलँडचे ‘मॉस्किटो’ हे लढाऊ विमान प्लायवूड आणि बाल्सा लाकडाच्या थरांचे होते. त्याचे भाग फर्निचर बनवणाऱ्यांकडून करून घेतले जात, आणि अशी सात हजारांवर विमाने झाली. सुरुवातीला त्यात केसीन वापरले गेले आणि पूर्वेकडच्या दमट हवेत त्याने दगा दिला, तेव्हा कृत्रिम राळेचे मोल सगळ्यांना नीटच कळले. युद्ध संपले तेव्हा इंग्लंडकडे पाण्याला न डरणारा डिंक होता, पातळ लाकूड चिकटवण्याची सवय झालेली माणसे होती, आणि आठ फूट बाय चार फुटांचा एक तक्ता होता जो लंडनमध्ये घ्या की ग्लासगोमध्ये, वागायला सारखाच. मला हा शेवटचा गुण सगळ्यात मोठा वाटतो. ‘काठापासून एवढ्या अंतरावर खूण करा आणि कापा’ हे वाक्य फणसाच्या फळीबद्दल लिहिणे धाडसाचे आहे, तक्त्याबद्दल लिहिले तर ते सगळीकडे खरे ठरते.

अर्थात तक्त्याची एक अट असते. कागदाची पुडी होते, कागदाची वाटी होत नाही. वाण्याच्या हातात कागद एका दिशेने वळतो आणि सुरेख कोन तयार होतो, पण तोच कागद वाटीवर दाबून बसवा, सुरकुत्या पडणारच. प्लायवूडही असेच, एका वेळी एकाच दिशेने वाकते. जुन्या गोल पोटाच्या होड्या वाटीच्या जातीच्या आणि तक्त्याच्या होड्या पुडीच्या. तेव्हा आकार पुन्हा आखावे लागले, आणि ते काम आखणीकाराचे होते, बांधणाऱ्याचे नव्हे. लंडनमध्ये पटनीला काम करणारा जॅक होल्ट (१९१२-१९९५) या कामात सर्वांच्या पुढे होता. ‘यॉटिंग वर्ल्ड’ मासिकासाठी त्याने १९४७ मध्ये मुलांकरिता ‘कॅडेट’ आखली, दोन वर्षांनी ‘जीपी १४’. त्याच १९४७ मध्ये तिकडे फ्लोरिडातील क्लिअरवॉटरला क्लार्क मिल्स याने पोरांना परवडेल अशी चौकोनी नाकाची ‘ऑप्टिमिस्ट’ केली, जिचा हिशेबच आठ बाय चारच्या तक्त्यांवर बेतलेला होता. या सगळ्या होड्या नाकीडोळी सुबक आहेत असे कोणी म्हणणार नाही. ‘मिरर’चे नाक तर सरळ कापलेले आहे, पाणी कापण्याऐवजी त्यावर चढणारे. पण टोकदार नाकाकडे जाताना तक्त्याला जो पीळ घालावा लागतो, त्यात नवशिक्याच्या हातून तक्ता फाटण्याचा धोका मोठा असतो. नाक कापले आणि तो धोकाच गेला. सौंदर्य गेले म्हणायचे की शहाणपण आले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक अडचण मात्र अजून उरली होती. ‘कॅडेट’सारख्या होडीलाही आतून लाकडी चौकटी लागत, कोपऱ्याकोपऱ्यांत लांब पट्ट्या बसवाव्या लागत आणि त्यांच्या कडा बदलत्या कोनात तासाव्या लागत. नवशिक्याचा घाम निघे तो तिथे. शालेय शिक्षक असलेले केन लिटलडाइक यांनी कयाक बांधताना त्या पट्ट्या काढून टाकून तक्तेच एकमेकांना टाके घालून जोडायची आणि सांधा काचतंतूने पक्का करायची युक्ती वापरली, आणि ‘मिरर’ने ती घरोघरी नेली. ‘मिरर’ आखताना होल्टचा जोडीदार होता बॅरी बकनेल. हा बोटींचा माणूसच नव्हे. बीबीसीवर घरदुरुस्ती शिकवणारा तो लोकप्रिय चेहरा, ज्याने १९६२ मध्ये ईलिंगमधले एक जुनाट घर आठवड्यामागून आठवडे प्रेक्षकांसमोर दुरुस्त करून दाखवले. ही जोडगोळी योगायोगाची नव्हे असे मला वाटते. होडी कशी असावी हे होल्टला ठाऊक होते. ज्याला काहीच येत नाही त्याला पुढची पायरी कशी सांगायची, हे बकनेलला ठाऊक होते, आणि हेही एक कौशल्यच आहे, रंध्याइतकेच कमावलेले. होल्टचे ज्ञान कापलेल्या तक्त्यांच्या कडांत उतरले, बकनेलचे पायऱ्यांच्या क्रमात. बांधणाऱ्याकडे उरले ते वाचणे, ओवणे, पिळणे आणि घासणे. वळण कुठे यावे हे तो ठरवत नव्हताच. कडा नीट जुळल्या की वळण आपोआप यायचे.

छापखान्याचा वाटा केवळ पुस्तिकेपुरता नव्हता. होडीला ‘मिरर’ नाव मिळाले ते ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रामुळे, आणि त्याचा वाचक मुख्यतः कामगार वर्गातला. त्याआधी १९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाने होल्टकडूनच ‘एन्टरप्राइज’ करून घेतली होती आणि तिचा गाजावाजा व्हावा म्हणून ऐन जानेवारीच्या थंडीत दोन होड्या रात्रीतून इंग्लिश खाडी ओलांडून नेल्या होत्या. ते दैनिक १९६० मध्ये बंद पडले, पण त्याने दिलेली निळी शिडे आजही त्या जातीच्या होड्यांवर आहेत. भारतातही सैन्यदलांच्या शिडकामाच्या केंद्रांत आणि मुंबईच्या क्लबांत या जातीची होडी दीर्घकाळ वापरली गेली. जाहिरात वर्तमानपत्राची, शिडे मात्र त्याच्यापेक्षा टिकाऊ निघाली!

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो मी पूर्ण मोडून काढू शकत नाही. कामगारांसाठी होडी, हे म्हणायला ठीक आहे. पण ‘मिरर’ आली त्या १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषाची सरासरी आठवडी कमाई १६-१७ पौंडांच्या घरात होती, म्हणजे नुसता संच हीच जवळपास चार आठवड्यांची कमाई. शिवाय होडी ठेवायला छत हवे, सुटीचे दोन दिवस हवेत, पाण्यापर्यंत न्यायला मोटार आणि मोटारीवर कॅरिअर हवे. उंच इमारतीतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने ती कुठे बांधायची? तेव्हा ‘मिरर’ने समुद्र सर्वांना खुला केला, असे म्हणणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे. खुला झाला तो गॅरेज असलेल्या, नव्याने मोटार घेतलेल्या माणसाला. तरी फरक लहान नव्हता. त्याआधी शिडाची होडी म्हणजे बांधणाऱ्याला काम द्यायचे आणि क्लबाच्या वहीत नाव घालायचे. आता संच मागवायचा आणि हिवाळाभर रात्री काम करायचे. १.३९ मीटर रुंदीची वस्तू दारातून बाहेर कशी काढायची हा प्रश्न यायचाच, पण होडी कुशीवर वळवली की बहुतेक दारांतून निघते. या घरगुती हिशेबाचे जे कौतुक आहे ते खोटे नाही.

तिसरा आक्षेप कारागिरांच्या बाजूचा. याला बांधणे म्हणायचे का? कडा दुसऱ्याने कापल्या, क्रम दुसऱ्याने लावला, डिंक कारखान्याचा. मग बांधणाऱ्याने केले काय? नुसते शिवले! या तुच्छतेवर मला हसू येते, कारण शिवणे ही आपल्या समुद्राची फार जुनी आणि फार कठीण विद्या आहे. अरबी समुद्रावर शतकानुशतके फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, खिळ्याशिवाय जहाजे बांधली गेली. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या एका चित्रात दिसणाऱ्या जहाजावरून ‘कौंडिण्य’ हे शिवलेले शिडाचे जहाज गोव्यात होडी इनोव्हेशन्स या कंपनीने बांधले, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले. फळ्या शिवल्या केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी. मूळ जहाजाचा कुठलाही आराखडा उरलेला नव्हता, म्हणून आकार चित्रावरून ठरवावा लागला आणि मद्रास आयआयटीत नमुन्याच्या चाचण्या झाल्या. आता ‘मिरर’ आणि ‘कौंडिण्य’ शेजारी ठेवा. दोन्हींत आधी कवच उभे राहते, सांगाडा नंतर. दोन्हींत टाका आहे. पण ‘कौंडिण्य’मध्ये टाका हाच सांधा. तो सैल पडला तर जहाज गेले, म्हणून दोरी किती ओढायची हे हातालाच कळावे लागते. ‘मिरर’मधला टाका डिंक वाळेपर्यंत फळीला धरून ठेवतो आणि मग कापला जातो. नवशिक्याने कमीजास्त पीळ दिला तरी बिघडत नाही. दोन्हींमध्ये वारशाचे नाते आहे असे मी म्हणत नाही. इंग्लंडातल्या शिक्षकाने काथ्याची होडी पाहून तार ओवली असेल, असे मानायला काही आधार नाही. पण एकच क्रिया एका ठिकाणी पिढ्यांची कमाई मागते आणि दुसरीकडे हिवाळ्याच्या चार महिन्यांत जमते, यावरून दिसते की ‘मिरर’मध्ये कौशल्य संपलेले नाही. ते टाक्यातून निघून तक्त्यात, डिंकात आणि पुस्तिकेत गेले आहे. ‘यात कौशल्यच नाही’ म्हणणाऱ्यांची नजर फक्त बांधणाऱ्याच्या हातावर असते.

लाकडी होडी मारली ती नवशिक्यांनी, हा आरोप तर उलटाच आहे. धंद्यातले लोक १९६० च्या दशकात काचतंतूच्या साच्यांकडे वळत होते, आणि त्याच वेळी ‘मिरर’ बांधणारे घरात लाकूड कापत-घासत होते. पुढे ‘मिरर’ही काचतंतूची मिळू लागली. लाकडी बोटींना वाहिलेले ‘वुडनबोट’ मासिक अमेरिकेत १९७४ मध्ये निघाले, तेव्हा लाकडाशी नाते टिकवणाऱ्यांत हौशी मंडळींचा वाटा मोठा होता. आणि कागदावरून शिकून पहिल्यांदा करणाऱ्याची गोष्ट नेहमीच लहान होडीची नसते. कमांडर दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन द स्टाट यांच्याकडून आला होता, लाकडाच्या गाभ्यावर काचतंतूचे आवरण होते, आणि त्या यार्डाने तोवर त्या जातीची सागरी शिडाची नौका बांधलेली नव्हती. ते घर नव्हे, हौसही नव्हे. तरी इथेही पहिल्या खेपेचा भार बऱ्याच अंशी दूरच्या कागदाने उचलला.

मग महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घरगुती होडीबांधणीची अशी लाट का आली नाही? समुद्र आहे, लाकडाची समज आहे, शिडाच्या क्रीडेची ओळखही जुनी: रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा. काहीजण म्हणतील, ज्यांना बांधता येत होते ते पोटासाठी बांधत होते आणि ज्यांना हौस होती ते क्लबात जात होते. हे कारण खरे आहे, पण अपुरे. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात ‘आपल्या हाताने करा’ची जी साथ आली, तिच्या मुळाशी महागलेली मजुरी होती. सुतार बोलावणे परवडेना, म्हणून बँकेतल्या कारकुनाने करवत हातात घेतली आणि बकनेलला प्रेक्षक मिळाले. आपल्याकडे करवत घ्यायची वेळच आली नाही. आपण ‘सुतार बसवतो’. तो सकाळी पिशवी घेऊन येतो, गच्चीवर किंवा जिन्यात तक्ते टेकवतो, दीडएक महिना चहा पितो आणि घर उभे करून जातो. त्याला कसे हे सांगायची गरज नसते. आपण फक्त काय ते सांगतो, जसे इंग्लंडहून जमशेदजींना सांगितले जाई. कसे ते सांगणाऱ्या पुस्तिकेला इथे गिऱ्हाईक असायला हवे होते तेच नव्हते.

तक्ता मात्र आला, आणि थाटात आला. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे भारतीय मानक ‘आयएस ७१०’. त्याचा शिक्का मारलेला आठ बाय चारचा ‘मरीन प्लाय’ आज तालुक्याच्या गावातल्या दुकानातही उभा असतो. गिऱ्हाईक तो आवर्जून मागते, सुतारही तोच सुचवतो, दोन पैसे जास्त पडतात तरी कोणी कुरकुरत नाही. घरी नेऊन त्याचे स्वयंपाकघरातल्या सिंकखालचे कपाट करतात, आणि सिंकचा पाइप गळू लागला की त्याच्या नशिबी थोडेफार पाणी येते.